काचेचं नाक

आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांना उघडं तोंड बघवत नसे. माणसाचं नव्हे, वस्तूचं. टेबलावर टोपण काढून ठेवलेलं पेन दिसलं की बोलता बोलता हात लांब करून ते टोपण लावून टाकायचे. चहाच्या कपावर बशी, तांब्यावर फुलपात्र, तेलाच्या बुधल्याला चिंधीचं बूच. शहाळं प्यायले तरी मध्ये थांबताना नळीच्या वरच्या टोकावर अंगठा. माझ्या केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत काचनळ्यांचा एक डबा होता. सर त्या बाजूने गेले की दुसऱ्या दिवशी निम्म्या नळ्यांच्या तोंडाला मेण लावलेलं सापडायचं. मी स्वभावाने काही फार सोशिक नाही. एकदा तो डबाच त्यांच्यापुढे आपटला आणि म्हटलं, "सर, नळ्या आम्हाला उघड्याच लागतात."

"वापरताना उगडा. ठेवताना बंद," ते शांतपणे म्हणाले. "भोकां सांभाळा, बाई. काच आपणाप सांभाळता."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की पुढेपुढे ते ऐकलं की मला मेणाचा वास यायचा.

मी मूळची बांद्याची. अठ्ठ्याण्णव साली मालवणच्या कॉलेजात लागले, त्यानंतर थोड्याच दिवसांत सर आले. विलायतेतल्या कुठल्याशा विद्यापीठात काम करणारा देवबागचा माणूस तिकडचं सगळं सोडून अकरावी-बारावीच्या पोरांना भिंग आणि आरसे शिकवायला येतो, म्हटल्यावर गावाला चघळायला विषय मिळाला. कुणी म्हणे तिकडे काहीतरी भानगड केली. कुणी म्हणे डोक्यावर परिणाम झालाय. सरांचं दिसणंही या बोलण्याला पूरकच होतं. सडसडीत अंग, कानांवर वाढलेले केस, पायात घरातल्या सपाता, आणि शर्टाच्या खिशात कायम एक मेणबत्तीचा तुकडा. वर्गात शिकवायचे मालवणीत. प्रिन्सिपॉलनी दोनदा समज दिली, तेव्हा म्हणाले, "उजेड काय पुण्याचो नसता." त्यानंतर त्यांना कुणी काही सांगायला गेलं नाही.

उजेड हाच त्यांचा एकमेव विषय होता. त्यातही एका विशिष्ट दोऱ्यातून जाणारा. त्या दोऱ्याला बाहेरच्या जगात फोटॉनिक क्रिस्टल फायबर म्हणतात. सर त्याला 'भोकांचो दोरो' म्हणत.

तो त्यांनी मला समजावला तो पपईच्या देठांनी. कॉलेजच्या मागे पपईची झाडं होती. तिथून एक भारा पोकळ देठ तोडून आणले, सारख्या लांबीचे कापले आणि मधमाशीच्या पोळ्यासारखे एकमेकांना लगटून उभे रचून सुतळीने आवळले. मग मधलेच काही देठ ओढून काढले. भाऱ्याच्या मध्यभागी मोठं भोक राहिलं, भोवती लहान भोकांच्या रांगा.

"असोच काचेच्या नळ्यांचो भारो करूचो," ते म्हणाले. "भट्टीत तापवूचो. मऊ झालो की खालसून ओढूचो. ओढून ओढून केसासारखो होता, पण भोकां तशीच रवतत. सगळी. रांगेन."

"आणि उजेड?"

"उजेड मधल्या भोकातसून जाता. काचेतसून नाय, हवेतसून. भायर पडूक बगता, पण भोवतालच्या रांगा असल्या मापान लावलेल्या आसतत की त्या रंगाक भायर वाटच गावणा नाय. म्हणान मुकाट फुडे जाता."

केसाएवढ्या काचेत भोकांची जाळी आणि तिच्या मधोमध हवेत कोंडलेला उजेड, हे मला खरंच सुंदर वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. सर लाजले. मग त्यांनी सांगितलं, की हा दोरा जगात पहिल्यांदा ओढला जात होता त्या वर्षांत ते तिथल्या भट्टीवर होते. त्यांच्याकडे काम होतं नळ्यांची तोंडं बंद करण्याचं. भट्टीत काच वितळली की भोकं मिटायला बघतात. वरची तोंडं ज्योतीवर आधीच बंद केलेली असली तर आतली हवा अडकते आणि भोकांना आतून धरून ठेवते. एक तोंड उघडं राहिलं तर ते भोक मिटलं, आणि एक भोक मिटलं तर सगळा दोरा फुकट. दिवसभर, वर्षानुवर्षं, त्यांनी ज्योतीपुढे बसून तोंडं बंद केली होती. तेव्हा कुठे मला पेनाच्या टोपणाचा उलगडा झाला.

विलायतेतला त्यांचा एक जुना सहकारी अधूनमधून फोन करायचा. फोन झाला की सर स्टाफरूममध्ये येऊन त्या दोऱ्याची खुशाली सांगत, जशी लोकं मुंबईतल्या मुलांची सांगतात. आता म्हणे त्यातून एकरंगी लेझर सोडला की पलीकडून पांढरा स्वच्छ उजेड येतो, सगळे रंग घेऊन. आता म्हणे पोकळ दोऱ्यातून नेलेल्या लेझरने डॉक्टर गाठी जाळणार. आता म्हणे भोकात वायू भरून तो ओळखतात. मराठीच्या मॅडम वह्या तपासता तपासता "हो का?" म्हणायच्या. परत ये, जागा आहे, असंही तो सहकारी प्रत्येक वेळी म्हणायचा. हे सर सांगत नसत, पण मला माहीत होतं.

ते का परतले, हे मला त्यांच्या वहिनीकडून कळलं. वहिनी बाजारात मासे विकायच्या आणि मी त्यांच्याकडेच घ्यायची. सरांचे थोरले भाऊ बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होते. होड्यांना लागणारा बर्फ तिथे तयार होतो आणि तो गोठवायला अमोनिया लागतो. नळ्यांतून फिरतो तोवर तो गरीब, बाहेर आला की माणसाची छाती आणि डोळे जाळतो. काही वर्षांपूर्वी तिथे गॅस सुटला होता. सगळे पळाले. दादा मात्र ओला पंचा तोंडाला गुंडाळून आत गेले आणि व्हॉल्व्ह बंद करून आले. जगले, पण नाक गेलं. वास म्हणून काही कळेना.

"सुक्या बांगड्याचो धूर घरभर झालो तरी तेंका पत्तो नाय," वहिनी म्हणाल्या. "आणि कामाक जातत गॅसात. मालकाक सांगूक नाय, बाई. सांगला तर घरी बसवतलो."

अमोनियाच्या कारखान्यात माणसाला सगळ्यात आधी सावध करतं ते नाक. रसायनशास्त्र शिकवणारी बाई म्हणून मला हे कुणी सांगायची गरज नव्हती. ज्याला नाक नाही असा माणूस रोज सकाळी पहिल्यांदा मशीनघराचं दार उघडत होता.

दादांना त्या कामातून सोडवायलाच सर परतले होते, खूप विनवण्या केल्या होत्या. दादा ऐकणारे नव्हते. त्यांना मी पाहिलंय. धिप्पाड, हसरा माणूस, मशीनच्या आवाजामुळे घरीदारी ओरडूनच बोलायची सवय. म्हणायचे, "नाक गेलां म्हणान काय झालां? कान आसत. मशीन शिंकला तरी माका कळता." तसे ते निष्काळजी नव्हते. नाक नाही म्हणून रोज सकाळी दार उघडं टाकून गंधकाची कांडी पेटवायचे आणि नळीच्या एकेका सांध्यापाशी धरायचे. गॅस असेल तिथे पांढरा धूर उठतो. पण गंधकाचा धूरही छातीला चांगला नाही, दादा दिवसभर खोकायचे, आणि तो खोकला सरांच्याने ऐकवत नसे.

"दादाक नाक नाय," ते मला एकदा म्हणाले. "माका तेका नाक करून देवचां आसा. काचेचां."

मला वाटलं, आता मात्र गाव म्हणतं ते खरं. पण त्यांनी करून दाखवलं. त्याच सहकाऱ्याने पोकळ दोऱ्याचा हातभर तुकडा आणि टेलिफोनच्या तारांत वापरतात तसला एक जुना लेझर पाठवला. दोऱ्याची दोन्ही टोकं उघडी ठेवायची, उजेड टोकातून सरळ आत आणि हवा टोकापाशी ठेवलेल्या बारीक फटीतून. मासे पाळायच्या टाकीत असतो तसल्या पंपाने मशीनघरातली हवा त्या भोकातून ओढायची. हवेत अमोनिया असेल तर तो लेझरचा तो नेमका रंग खाऊन टाकतो, पलीकडे पोचणारा उजेड कमी होतो, तांबडा दिवा लागतो आणि घंटा वाजते. नाहीतर हिरवा. हे सगळं एका पेटीत. पेटीला कुलूप, आणि किल्ली सरांच्या कमरेच्या करदोड्याला. चालू-बंद करायचं बटण तेवढं बाहेर.

मी माझ्या प्रयोगशाळेतली अमोनियाची बाटली नेऊन पेटीपुढे उघडली. थोड्या वेळाने दिवा तांबडा झाला आणि घंटा वाजली. दादा एवढे खूश झाले की त्यांनी मलाच पुन्हापुन्हा बाटली उघडायला लावली. "वाजता रे, वाजता! माझां नाक वाजता!" म्हणून ओरडत होते. सर भिंतीला टेकून उभे होते आणि रडत होते. मालकही आला. त्याला काय ते फारसं समजलं नाही, पण पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला तो पेटी दाखवायचा आणि म्हणायचा, "फॉरेनचां आसा."

आणि दादांनी गंधकाची कांडी बंद केली. खोकला थांबला. वहिनींच्या चेहऱ्यावर तेज आलं, हे मी बाजारात स्वतः पाहिलं. त्या दिवसांत सर माझ्या नळ्यांना मेण लावायचंही विसरले होते.

पहिल्याच पावसाळ्याने नाट लावला. पावसाळ्यात मासेमारी बंद, कारखाना बंद. पेटी मात्र भिंतीवर चालूच होती आणि आपल्याकडची हवा म्हणजे काय ती सांगायला नको, मिठाच्या बरणीतही पाणी होतं. त्या उघड्या टोकांतून दोऱ्याच्या भोकांत खारट दमट हवा शिरली. उजेड आतल्या आत मरू लागला आणि रिकाम्या कारखान्यात घंटा वाजायला लागली. वॉचमनने कंटाळून पेटीवर गोणपाट टाकलं. सरांनी ती उघडली तेव्हा दोरा कामातून गेला होता. त्यांनी फोन करून दुसरा तुकडा मागवला. सहकाऱ्याने पाठवला, आणि आता आणखी मिळणार नाही असंही सांगितलं.

त्या तुकड्यावर एक मोसम सुरळीत गेला. पुढचा पावसाळा आला तसं सरांनी पेटी उघडली आणि दोऱ्याच्या दोन्ही टोकांपाशी हवेच्या फटीवर मेणाचा एकेक थेंब टाकला. दमट हवा आत जायला नको म्हणून. ठेवताना बंद. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आपण रात्री दाराला कडी घालतो ती कुठे कुणाला सांगतो? मोसम सुरू व्हायच्या आधी पेटी उघडून मेण काढायचं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

नारळी पुनवेला होड्या समुद्रात जातात. त्याआधी बर्फ तयार लागतो, म्हणून मशीन चार दिवस आधी सुरू करतात. त्या वर्षी मालकाने ते आणखी आधी सुरू करायचं ठरवलं. सरांना सांगायचं कुणाला सुचलं नाही. त्यांना कशाला सांगायचं? पेटीचं बटण दादांना माहीत होतं.

दादांनी सकाळी बटण दाबलं. दिवा हिरवा लागला. लागणारच. दोऱ्याच्या आत बंद होती ती मागच्या मोसमातली स्वच्छ हवा, आणि उजेड तिच्यातून बिनबोभाट पलीकडे पोचत होता. मशीन सुरू झालं. पावसाळाभर बंद राहून एक सांधा गंजला होता. बाकीचे कामगार बाहेर अंगणात लाद्यांचे साचे धूत होते. त्यांना वास आला तोवर दादा मशीनमागे पडले होते.

कॉलेजात निरोप आला तेव्हा मी शेजारच्या वर्गावर होते. सर सपाता तिथेच टाकून धावले, म्हणून मीही गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात एक कामगार बसला होता, डोळे सुजलेले. सरांनी त्याला भावाबद्दल काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "दिवो कसलो होतो?"

"हिरवो, सर," तो म्हणाला. "शेवटपर्यंत हिरवोच होतो. म्हणान तर ते गेले आत."

सर खाली बसले. करदोड्याची किल्ली मुठीत धरून ते माझ्याकडे बघत होते. "बाई, तोंडां बंद होती," ते म्हणाले. "मी केलेली."

मला त्यांची कीव यायला हवी होती. आधी आला तो राग. एवढा शिकलेला माणूस, एवढं साधं कळू नये? नाक बंद केलं तर वास कसा येईल? तो राग ओसरायला मला बरेच दिवस लागले, आणि ओसरल्यावर जे उरलं ते त्याहून वाईट होतं. कारण ती चूक दुसऱ्या कुणाकडून झालीच नसती. तोंडं सांभाळण्यात ज्याने आयुष्य घालवलं त्याच्याकडूनच ती होणार होती.

चौकशीला सरकारी साहेब आले, तेव्हा सरांनी सगळं सांगितलं. मीही सोबत होते. साहेबांनी दोनदा विचारलं, "म्हणजे काचेत भोकं होती, आणि भोकांत मेण होतं?" मग पेन खाली ठेवून ते म्हणाले, की ऑपरेटरला वास येत नव्हता आणि त्याने ते लपवून ठेवलं, एवढं पुरेसं आहे. सर उभे राहून ओरडले, "तेचो गुन्हो नाय, माझो आसा! माझो लिवा!" त्यांना दोघांनी धरून बाहेर आणलं. त्यांच्या डोक्याचं असं काहीतरी आहे, हे मालकाने साहेबांना हळूच सांगितलं.

दादा गेले तरी वहिनींनी सरांना दोष दिला नाही. पूर्वीसारखंच जेवायला वाढत राहिल्या. एकदाच मला म्हणाल्या, "तेंच्या हातची कांडी सुटली नसती तर बरां झालां असतां. खोकत तरी रवले असते." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सुरमई दाखवू लागल्या.

पेटी सरांनी स्वतः भिंतीवरून काढली. पुन्हा कधी तिचं, दोऱ्याचं, उजेडाचं नाव काढलं नाही. सहकाऱ्याचा फोन आला की शिपायाला सांगायचे, नाय म्हणान सांग. आणि कारखाना पुन्हा सुरू झाला तसे रोज सकाळी तिथे जाऊ लागले. मशीनघराचं दार उघडायचे, उंबऱ्यात उभे राहायचे, डोळे मिटून खोल श्वास घ्यायचे. पुन्हा घ्यायचे. मग मागे थांबलेल्या कामगारांना सांगायचे, "काय नाय. जावा." तोवर एकालाही आत पाऊल टाकू देत नसत. सुरुवातीला कामगार हसले. मग त्यांना सवय झाली. नंतर नंतर तर सरांना उशीर झाला तर ते विड्या ओढत बाहेर थांबायचे. पहिल्या तासाला सर कायम उशिरा यायचे, कपड्यांना कारखान्याचा दर्प. "सर, कॉलेजची घंटा तुमच्या नाकासाठी थांबत नाही," असं मी एकदा बोलले. ते हसले नाहीत.

"काचेचां काय कामाचां नाय," ते म्हणाले. "नाक माणसाचांच होया."

अशी बरीच वर्षं गेली.

एकदा मुलांचं प्रॅक्टिकल चाललं होतं. दुपारची वेळ. क्षारात अमोनियम आहे की नाही ते ओळखायचं, म्हणजे कॉस्टिक सोडा घालून तापवायचं आणि वास घ्यायचा. एका मुलीने भलताच जास्त क्षार घातला. खोलीभर दर्प पसरला, मुलं नाकाला रुमाल लावून खिडक्यांकडे धावली. त्याच वेळी सर आत आले. त्यांना स्पिरिटच्या दिव्याची वात हवी होती. ते त्या मुलीच्या टेबलापाशीच उभे राहून मला सांगू लागले, की त्यांच्याकडच्या दिव्याची वात जळून गेलीय, तुमच्याकडे जास्तीची असेल तर. स्वर अगदी साधा. डोळ्यांत थोडं पाणी होतं, ते त्यांनी बोलता बोलता पुसलं.

"सर," मी म्हटलं, "वास येतोय ना?"

"कसलो?"

त्यांनी वळून मुलांकडे पाहिलं, रुमालांकडे पाहिलं. टेबलावरची परीक्षानळी उचलली आणि नाकाखाली धरली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, तरी ते हुंगत राहिले. मी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली.

"कदीपासना, बाई?" ते म्हणाले. "कदीपासना मी तेंका भुतूर धाडतंय?"

मला काय ठाऊक? रोज थोडा थोडा गॅस घेऊन नाक मरतं, ते कुणालाच कळत नाही, ज्याचं त्यालाही नाही. मी हे वर्गात शिकवते आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

"चला माझ्यावांगडा," ते म्हणाले. "आत्ता. थंय वास आसा काय नाय तां कोणीतरी सांगूक होया."

मुलांना शिपायावर सोडून मी त्यांच्याबरोबर रिक्षात बसले. कारखान्यात मशीन चालू होतं. मशीनघराचं दार ओढून घेतलेलं होतं. सरांनी ते उघडलं, बाजूला झाले आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

मी उंबऱ्यावर जाऊन श्वास घेतला.

आत दोघे जण मशीनशेजारी पाटावर बसून डबा खात होते. त्यातल्या एकाने मला ओळखून हात वर केला. जेवायला बोलवत होता.

"काय, बाई?" सरांनी विचारलं. "सांगा मा."

वास होता. फार नव्हता, पण होता.

मी 'आहे' म्हणून मान हलवली. सरांनी त्या दोघांना हाका मारायला सुरुवात केली. मशीनच्या आवाजात त्यांना त्या ऐकू जात नव्हत्या, म्हणून मग आम्ही दोघांनी मिळून मारल्या. ते डबे झाकून, हात झटकत, कुरकुरत बाहेर आले. सर त्यांच्या पायांशी दारातच बसले आणि एकेकाला विचारू लागले, डोकां दुखता काय, खोकलो येता काय, कदीपासना येता.